एकतीस नावे, बत्तीस बटणे

७ मे २०२४ रोजी लोकसभेच्या मतदानाला धाराशिव जिल्ह्यातल्या येडशीतला माणूस केंद्रावर गेला, बोटाला शाई लावून घेतली, पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेला आणि पाहतो तर समोर दोन यंत्रे. एकावर सोळा ओळी, दुसऱ्यावर सोळा. गेला महिनाभर पारावर, एसटी स्टँडवर आणि हायवेच्या कडेच्या हॉटेलांत चर्चा होती ती दोनच नावांची. मशालवाले ओमराजे निंबाळकर आणि घड्याळवाल्या अर्चना पाटील. मग उरलेले २९ जण कोण? यातल्या बहुतेकांचा ना बॅनर दिसला, ना भोंग्याची गाडी गावातून गेली. ते उभे राहिले कशाला? आणि उभे राहणे एवढे सोपे असेल, तर एकतीसच का, तीनशे का नाहीत?

तीनशेचा आकडा हवेतला नाही. त्या वर्षी मार्चमध्ये धाराशिव जिल्ह्यात त्याहून मोठ्या आकड्याची धास्ती प्रशासनाने खरोखरच घेतली होती. पण आधी यंत्राचे पाहू.

दोन यंत्रे, मत एकच

मतदारासमोर ठेवतात त्या यंत्राला बॅलट युनिट म्हणतात. त्यावर जास्तीत जास्त १६ ओळी मावतात. शेवटची ओळ कायम ‘नोटा’ची. त्यामुळे १५ उमेदवारांपर्यंत एक यंत्र पुरते, सोळावा आला की दुसरे जोडावे लागते आणि बत्तिसावा आला की तिसरे. आपल्याकडे उमेदवार ३१ आणि नोटा धरून ओळी ३२. दोन्ही यंत्रे काठोकाठ भरली, एकही बटण झाकावे लागले नाही.

शेजारच्या माढा मतदारसंघात मतदान त्याच दिवशी होते. तिथे उमेदवार ३२, आपल्यापेक्षा फक्त एक जास्त. पण त्या एकापायी तिथल्या प्रत्येक केंद्रावर तिसरे यंत्र आले, तेही एकट्या नोटासाठी. केंद्रे हजारांनी असतात. एका माणसाने अर्ज मागे घेतला काय किंवा ठेवला काय, गोदामातून निघणाऱ्या यंत्रांचा हिशेब असा बदलतो.

दोन यंत्रे दिसली की काहींना वाटते, दोन मते द्यायची आहेत. तसे नसते. मत मोकळे करण्याची किल्ली आडोशामागे नसते. ती मतदान अधिकाऱ्याच्या टेबलावरच्या कंट्रोल युनिटमध्ये असते. अधिकाऱ्याने तिथले बटण दाबले की एकच मत खुले होते. मतदाराने दोन्हीपैकी कोणत्याही यंत्रावरचे बटण दाबले की ते मत नोंदले जाते, लांब ‘बीप’ वाजते आणि बाकीची सगळी बटणे मुकी होतात. मग कितीही दाबा. शेजारच्या व्हीव्हीपॅटच्या काचेआड आपण निवडलेले नाव आणि चिन्ह छापलेली चिठ्ठी ७ सेकंद दिसते आणि खाली पेटीत पडते.

आजच्या पिढीच्या यंत्रात एका कंट्रोल युनिटला अशी २४ बॅलट युनिटे जोडता येतात. २४ गुणिले १६ म्हणजे ३८४. नोटा वगळली तर ३८३ उमेदवार. त्यावर एक जरी वाढला तरी यंत्र बाजूला ठेवून कागदी मतपत्रिका काढावी लागते.

३८४ची धास्ती

आता मार्च २०२४कडे येऊ. मराठा आरक्षणाच्या आंदोलनात मराठवाड्यातल्या गावागावांत बैठका होत होत्या आणि एक कल्पना जोर धरत होती. प्रत्येक गावातून उमेदवार उभे करायचे, म्हणजे यंत्रच चालणार नाही. धाराशिव जिल्ह्यात ही तयारी इतकी उघडपणे सुरू होती, की जिल्हा प्रशासनाने मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे लेखी विचारणा केली. उमेदवार यंत्राच्या मर्यादेपलीकडे गेले तर मतपत्रिका, पेट्या, मनुष्यबळ यांचे काय करायचे? मार्चअखेर आंदोलनाचे नेते मनोज जरांगे यांनी तो बेत सोडला, त्यामुळे प्रश्न कागदावरच राहिला.

असे कुठे घडलेच नव्हते असे मात्र नाही. २०१९ला तेलंगणातल्या निजामाबादेत हळद आणि ज्वारीच्या भावासाठी शेतकऱ्यांनी घाऊक अर्ज भरले. रिंगणात १८५ उमेदवार राहिले आणि प्रत्येक केंद्रात १२ बॅलट युनिटे ओळीने मांडावी लागली. त्याही आधी, १९९६ला, नलगोंड्यात पाण्याच्या प्रश्नावर ४८० उमेदवार उभे राहिले होते. त्याच निवडणुकीत आपल्या बेळगावात ४५६. सीमाप्रश्नाकडे दिल्लीचे लक्ष जावे म्हणून मराठी भाषकांनी अर्जांचा पाऊस पाडला होता. तेव्हा यंत्रे नव्हती, कागदी मतपत्रिका होती. एवढी नावे एका कागदावर मावेनात, म्हणून तिची पुस्तिका झाली. मतदार पाने उलटत आपले चिन्ह शोधत होता.

या तिन्ही ठिकाणी उमेदवारांना निवडून यायचे नव्हते, यंत्रणेला अडवायचे होते. उमेदवारी हेही आंदोलनाचे हत्यार होऊ शकते, आणि ते सनदशीर आहे. मला स्वतःला त्यात काही वावगे वाटत नाही. पण निवडणूक घेणाऱ्याच्या जागी बसून पाहिले तर घाम फुटणारच.

चाळणीची भोके किती मोठी?

सोयाबीन विकायला नेण्याआधी चाळणीवर घालतात. भोके फार मोठी असली तर दाण्याबरोबर खडाही खाली जातो, फार बारीक असली तर चांगला दाणाही वर अडकतो. उमेदवारी अर्जाच्या अटींचे नेमके तेच आहे. कायद्याला कोणालाही सहज उभे राहता यावे असेही वाटते आणि गंमत म्हणून कोणी उभे राहू नये असेही वाटते.

अटी तशा थोड्या आहेत. वय किमान २५. देशातल्या कोणत्याही मतदारसंघाच्या यादीत नाव. स्वतःवरचे खटले, मालमत्ता, कर्ज आणि शिक्षण यांचे शपथपत्र, त्यातला एकही रकाना कोरा सोडायचा नाही. अनामत रक्कम, म्हणजे आपण सगळे ‘डिपॉझिट’ म्हणतो ते, २५ हजार रुपये. अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला निम्मे, साडेबारा हजार.

आणि सूचक. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा लागतात. इथे एक मजा आहे. उमेदवार मुंबईचा असो की चंद्रपूरचा, लोकसभेला तो धाराशिवात उभा राहू शकतो. सूचक मात्र इथलाच मतदार हवा. येडशीच्या माणसाला हे पाहायला लांब जायला नको. बार्शीकडे निघालात तर जिल्हा बदलून सोलापूर लागतो, पण मतदारसंघ तोच राहतो. ढोकीवरून लातूरकडे जाताना मुरूड लागले की जिल्हाही बदलतो आणि मतदारसंघही. म्हणजे बार्शीतला मेहुणा सूचक म्हणून चालतो, मुरूडचा चालत नाही. औसा, उमरगा, तुळजापूर, उस्मानाबाद, परंडा आणि बार्शी अशा सहा विधानसभा क्षेत्रांचा हा मतदारसंघ तीन जिल्ह्यांत पसरला आहे. जिल्ह्याचे नाव धाराशिव झाले तरी निवडणुकीच्या कागदांवर मतदारसंघ अजून ४० क्रमांकाचा ‘उस्मानाबाद’च आहे. २००४पर्यंत तो अनुसूचित जातींसाठी राखीव होता, २००९पासून खुला झाला.

आज आहेत त्या अटींमागे १९९६चा धडा आहे. तोवर अनामत ५०० रुपये होती, १९५१च्या कायद्यात ठरलेली. १९५१ला ती बरीच मोठी रक्कम होती, १९९६ला एका चांगल्या जेवणावळीचा खर्चही तिच्यात भागत नव्हता. त्या वर्षी ५४३ जागांसाठी देशभरात १३,९५२ उमेदवार उभे राहिले. निवडणूक आटोपताच कायदा बदलला. अनामत १० हजार झाली, अपक्षाला दहा सूचक लागू लागले, एका माणसाला दोनपेक्षा जास्त मतदारसंघांतून उभे राहायला बंदी आली. १९९८ला उमेदवार उरले ४,७५०. पुढे २०१०मध्ये अनामत २५ हजार झाली, पण तोवर महागाईने तिचाही धाक कमी केला होता. २०२४ला देशात ८,३६० उमेदवार होते. भोके पुन्हा हळूहळू मोठी होत चालली आहेत.

कागदावर एकतीस कसे उरले?

धाराशिवसाठी वेळापत्रक असे होते. १२ एप्रिलला अधिसूचना निघाली आणि जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज घ्यायला सुरुवात झाली. शेवटचा दिवस १९ एप्रिल. मिरवणूक, हलगी, फटाके हे सगळे बाहेर. कार्यालयाच्या १०० मीटरच्या आत तीनच गाड्या आणि अधिकाऱ्याच्या दालनात उमेदवार धरून पाच माणसे. शक्तिप्रदर्शनाला आलेली हजारोंची गर्दी दाराशी पाच जणांवर येते.

त्यातला सर्वांत मोलाचा कागद म्हणजे एबी फॉर्म. ‘ए’मध्ये पक्ष सांगतो की आमच्या वतीने तिकीट कोण देणार, ‘बी’मध्ये तो माणूस सांगतो की तिकीट कोणाला दिले. सही शाईनेच हवी, शिक्का किंवा झेरॉक्स चालत नाही, आणि कागद शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत पोहोचला पाहिजे. एक मिनिट उशीर झाला तर उमेदवार कितीही मोठा असो, अपक्ष म्हणून उभे राहायचे, तेही दहा सूचक असतील तर. त्याच वर्षीच्या विधानसभेला नाशिक जिल्ह्यात एबी फॉर्म हेलिकॉप्टरने आल्याच्या बातम्या होत्या. उगाच नव्हेत.

२० एप्रिलला छाननी झाली. २२ एप्रिल हा अर्ज मागे घेण्याचा दिवस. महाराष्ट्रातल्या वार्ताहरांचा हा आवडता दिवस, कारण बंडोबांचे थंडोबा याच दिवशी होतात. आदल्या रात्री कोणाच्या वाड्यावर बैठक झाली, कोणाला महामंडळाचा शब्द मिळाला, कोणाचा फोन बंद येतोय, हे सगळे दुपारी तीनपर्यंत चालते. तीनला दार बंद. मग जी यादी उरते ती अंतिम. आपली ३१वर थांबली.

चौकट : २०२४, आकड्यांत

मतदार : जवळपास २० लाख, मतदान सुमारे ६४ टक्के
उमेदवार : ३१
ओमराजे निंबाळकर (मशाल) : ७,४८,७५२
अर्चना पाटील (घड्याळ) : ४,१८,९०६
फरक : ३,२९,८४६
अनामत वाचलेले : २
खर्चाची मर्यादा : उमेदवारामागे ९५ लाख रुपये

धनुष्यबाण गेला कुठे?

अंतिम यादी लागली की त्याच दुपारी चिन्हवाटप. मान्यताप्राप्त पक्षांची चिन्हे राखीव असतात. बाकीच्यांसाठी आयोगाची मुक्त चिन्हांची यादी असते. कपाट, फुगा, बांगड्या, ऑटोरिक्षा, ढोबळी मिरची, फ्लॉवर, शिट्टी. अपक्ष आपल्या पसंतीची तीन चिन्हे अर्जात लिहितो. एकाच चिन्हावर दोघांचा डोळा असला तर चिठ्ठी टाकतात.

आता अपक्षाच्या जागी बसून पाहा. चिन्ह मिळाले २२ एप्रिलला. मतदान ७ मे. मतदान संपण्याआधी ४८ तास प्रचार बंद, म्हणजे ५ मेच्या संध्याकाळी भोंगे थांबले. हातात उरले १३ दिवस. एवढ्यात उमरग्यापासून बार्शीपर्यंतच्या २० लाख मतदारांना सांगायचे, की माझी शिट्टी आहे. खर्चाची मर्यादा ९५ लाख. पूर्ण वापरली तरी मतदारामागे पावणेपाच रुपये पडतात, आणि बहुतेक अपक्षांच्या खिशात त्याचा शंभरावा हिस्साही नसतो. पक्षाच्या स्वतःच्या प्रचारखर्चाला मात्र कायद्यात कमाल मर्यादाच नाही.

प्रस्थापितांनाही चिन्हाची धाकधूक असते, हे २०२४ला धाराशिवात स्पष्ट दिसले. ओमराजे २०१९ला निवडून आले ते धनुष्यबाणावर. पुढे शिवसेना फुटली, फेब्रुवारी २०२३मध्ये आयोगाने धनुष्यबाण एकनाथ शिंदे यांच्या पक्षाला दिला आणि ठाकरे गटाकडे मशाल राहिली. २०२४ला महायुतीत ही जागा अजित पवारांच्या राष्ट्रवादीकडे गेल्यामुळे शिंदे यांचा उमेदवार इथे नव्हताच. परिणामी दोन्हीपैकी कोणत्याही यंत्रावर धनुष्यबाण नव्हता. वीस-पंचवीस वर्षे बोटाला सवय झालेल्या म्हाताऱ्या शिवसैनिकाने वरून खालपर्यंत शोधले असते तरी सापडला नसता. घड्याळ मात्र होते, पण तेही कोणाचे, हा वाद फेब्रुवारी २०२४ला आयोगाच्या निकालाने अजित पवारांच्या बाजूने सुटल्यावरचे.

नावे कोणत्या क्रमाने लावायची, हेही कायद्याने ठरलेले आहे. १९९६च्या बदलानंतर यादीचे तीन गट करतात. आधी मान्यताप्राप्त पक्ष, मग नोंदणीकृत पण मान्यता नसलेले पक्ष, शेवटी अपक्ष. प्रत्येक गटात मराठी वर्णमालेचा क्रम. म्हणून अर्चना पाटील ‘अ’च्या बळावर ‘ओ’च्या ओमप्रकाशांच्या, म्हणजे ओमराजेंच्या, आधी. सत्ता, पैसा, जात यांचे इथे काही चालत नाही, बारशाला आत्याने काय नाव ठेवले त्यावर सगळे.

नावे आणि चिन्हे यांच्या सारखेपणातून मात्र जुने डाव खेळले जातात. २०१४ला रायगडात सुनील तटकरे यांचा पराभव २,११० मतांनी झाला. त्याच नावाचा एक अपक्ष यादीत होता, त्याला ९,८४९ मते पडली. २०२४ला साताऱ्यात शशिकांत शिंदे यांचे चिन्ह ‘तुतारी वाजवणारा माणूस’ होते आणि दुसऱ्या एका अपक्षाचे नुसती ‘तुतारी’. शिंदे ३२,७७१ मतांनी हरले, त्या अपक्षाने ३७,०६२ मते घेतली. ती सगळी चुकून पडली असे कोणी सिद्ध करू शकत नाही, पण गणित कोणाच्याही डोळ्यांत भरते. आता यंत्रावर चिन्हाशेजारी उमेदवाराचा फोटोही असतो तो याचसाठी.

ज्या दारात मतदार नसतो

आतापर्यंतच्या सगळ्या पायऱ्या उघड आहेत. तारीख, तास, नियम, नमुना. पण चाळणीचा सर्वांत बारीक पदर यांत कुठेच आला नाही. ३१मधले निवडून येण्याजोगे दोन कोण, हे ठरले ते तिकीटवाटपात. आणि तिकीट कसे द्यायचे, याबद्दल आपल्या कायद्यात जवळपास काहीच नाही. अर्चना पाटील एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात राष्ट्रवादीत आल्या आणि त्यांना उमेदवारी मिळाली. त्यांचे पती राणाजगजितसिंह पाटील तुळजापूरचे भाजपचे आमदार. २०१९ला हेच राणाजगजितसिंह घड्याळावर ओमराजेंच्या विरोधात उभे होते. त्याआधी २००९ आणि २०१४ला त्यांचे वडील पद्मसिंह पाटील. पाटील आणि राजेनिंबाळकर हे तर एकाच भावकीतले. येडशीच्या मतदाराला निवड करता आली ती यातून, पण ही यादी कोणी, कुठे बसून केली, ते त्याला कोणी विचारले नाही.

हे असेच असते असे आपण धरून चालतो. पण असे नसलेली पद्धत एका मराठी माणसाच्या उदाहरणाने समजून घेता येईल. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार अमेरिकेत मिशिगन राज्यातून तिथल्या प्रतिनिधीगृहावर निवडून गेले. आपली लोकसभा ५४३ची, त्यांचे सभागृह ४३५चे. आपल्या महाराष्ट्राला ४८ जागा, मिशिगनला १३. तिथे दर दहा वर्षांनी जनगणना झाली की राज्यांच्या जागा कमीजास्त होतात. २०२०च्या जनगणनेत मिशिगनची चौदावी जागा गेली. आपल्याकडे राज्यांमधले वाटप अजून १९७१च्या लोकसंख्येवर थांबलेले आहे.

तिथे निवडणूक दोनदा होते. आधी पक्षांतर्गत, ऑगस्टमध्ये. एकाच पक्षाचे इच्छुक एकमेकांविरुद्ध उभे राहतात आणि त्यातून उमेदवार निवडतो तो सामान्य मतदार. मिशिगनमध्ये तर कोणत्याही मतदाराला त्या दिवशी एका पक्षाची बाजू निवडून मत देता येते, सभासद असण्याची अट नाही. मग नोव्हेंबरात खरी लढत. ठाणेदार २०१८ला राज्याच्या गव्हर्नरपदासाठी याच पहिल्या फेरीत उतरले आणि तिसरे आले. २०२२ला डेट्रॉइट परिसरातल्या १३व्या मतदारसंघात डेमोक्रॅटिक पक्षाचे नऊ इच्छुक होते. ठाणेदारांना सुमारे २८ टक्के मते मिळाली आणि तेवढ्यावर उमेदवारी त्यांची झाली. तो मतदारसंघ त्या पक्षाचा बालेकिल्ला, त्यामुळे नोव्हेंबर सोपा गेला.

अनामतीऐवजी तिथे सह्यांची चाळणी आहे. प्रतिनिधीगृहासाठी हजार मतदारांच्या खऱ्या सह्या जमवाव्या लागतात, आणि त्या तपासल्या जातात. २०२४ला ठाणेदारांचे आधीचे प्रतिस्पर्धी ॲडम हॉलियर यांच्या वैध सह्या कमी भरल्या आणि त्यांचे नाव मतपत्रिकेवर आलेच नाही. २५ हजार रुपये उभे करणे सोपे की हजार माणसांकडून सही घेणे? माझ्या मते दुसरी अट जास्त न्याय्य आहे. पैसा उसना मिळतो, हजार सह्यांसाठी उन्हातान्हात दारोदार जावे लागते. अर्थात मिशिगनमध्येही पैशावाचून पान हलत नाही, ठाणेदार स्वतः उद्योगपती आहेत. पण तिकीट देणारा हात मतदाराचा असतो, हा फरक लहान नाही.

सगळ्यांत जास्त, एवढेच पुरे

आपल्याकडे जिंकायला निम्मी मते लागत नाहीत. दुसऱ्यापेक्षा एक जास्त पुरते. २०२४ला धाराशिवात हा नियम जाणवला नाही, कारण ओमराजेंना निम्म्याहून खूप जास्त मते होती आणि फरक सव्वातीन लाखांच्या वर. पण याच मतदारसंघात २००९ला पद्मसिंह पाटील रवींद्र गायकवाडांविरुद्ध अवघ्या ६,७८७ मतांनी जिंकले होते. पाच वर्षांनी गायकवाडांनी तेच उलटवले, २,३४,३२५ मतांनी.

फरक लहान असतो तेव्हा यादीतल्या ‘इतरां’ची किंमत कळते. येडशीवरून जाणारा हायवे धरून छत्रपती संभाजीनगर गाठा. २०१९ला तिथे इम्तियाज जलील यांना ३,८९,०४२ मते, चंद्रकांत खैरेंना ३,८४,५५०. फरक ४,४९२. आणि ट्रॅक्टर चिन्हावरचे अपक्ष हर्षवर्धन जाधव यांनी २,८३,७९८ मते नेली. साधारण ३२ टक्क्यांवर खासदारकी ठरली. जाधव हरले, पण निकाल त्यांच्याभोवती फिरला. म्हणून मतांच्या एखाद्या गठ्ठ्यावर पकड असलेला अपक्ष उभा राहिला की मोठ्या पक्षांचे दूत त्याच्या दाराशी जातात. काही वेळा उलटे होते, तो उभा राहावा म्हणूनच दूत जातात.

बाकी बहुतेकांच्या वाट्याला येते ते डिपॉझिट जप्त. वैध मतांच्या एक षष्ठांश मिळाली नाहीत तर अनामत सरकारजमा होते. २०२४ला धाराशिवात ही रेषा दोन लाखांच्या थोडी वर होती. पहिल्या दोघांनी मिळून ११ लाख ६७ हजार मते घेतल्यावर उरलेल्या २९ जणांना मिळून एक-सव्वा लाख राहिली. एकही जण रेषेच्या जवळपास नव्हता. ही रेषा किती उंच आहे हे २०१९ला वंचित बहुजन आघाडीच्या उमेदवाराने अनुभवले होते. ९८ हजारांवर मते घेऊनही अनामत गेली.

आणि बत्तिसावे बटण? सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१३च्या निकालानंतर नोटा आले. ते निकाल बदलत नाही. वैध मतांत ते धरतच नाहीत, त्यामुळे एक षष्ठांशाच्या हिशेबातही नाही. सगळ्यांत जास्त मते नोटाला पडली तरी त्याखालचा उमेदवार विजयी. शेजारच्या लातूर ग्रामीणमध्ये २०१९च्या विधानसभेला नोटा चक्क दुसऱ्या क्रमांकावर होते, धीरज देशमुखांच्या मागे. नोटाला अनामत भरावी लागत नाही आणि मतदान केंद्रावर त्याचा प्रतिनिधीही बसत नाही.

हरलेल्यांचा जुलै

मोजणी ४ जूनला झाली. आधी टपाली मते, मग फेऱ्या, मग प्रत्येक विधानसभा क्षेत्रातून चिठ्ठीने काढलेल्या पाच केंद्रांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्यांची पडताळणी. सहा क्षेत्रे म्हणजे ३० केंद्रे. संध्याकाळपर्यंत गुलाल उधळून झाला.

३१ जणांचे काम मात्र तिथे संपले नाही. निकालापासून ३० दिवसांच्या आत प्रत्येकाने खर्चाचा पूर्ण हिशेब, पावत्यांसह, जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यायचा असतो. जिंकलेल्यानेही आणि तीन आकडी मते मिळालेल्यानेही. मंडप, रिक्षा, भोंगा, चहा, सगळे त्यात आले. योग्य कारणावाचून हिशेब दिला नाही, तर आयोग तीन वर्षांसाठी निवडणूक लढवायला बंदी घालू शकतो. मोठ्या उमेदवारांकडे त्यासाठी सनदी लेखापाल असतात. अपक्षाकडे वही असते, आणि रोजची नोंद न केलेला अपक्ष जूनच्या शेवटच्या आठवड्यात, पेरणी सोडून, मंडपवाल्याच्या दुकानात मागच्या तारखेची पावती मागत बसलेला सापडतो.